शाळेच्या मैदानावर फोडलेला नारळ

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची समजूत आहे की मी रिटायर झाल्यापासून लोकांची लॉन कापून देतो. त्यांचा दोष नाही. मी जे यंत्र ढकलतो ते दिसायला लॉनमोअरसारखंच आहे. चार चाकं, एक दांडा, दांड्यावर स्क्रीन, आणि मागे घामाघूम झालेला टकला मराठी माणूस. फरक एवढाच की मी पुढे गेलो तरी गवत तसंच उभं राहतं. शेजारच्या बाईंनी एकदा फार काळजीनं हाक मारून सांगितलं होतं, "सर, तुमचं ब्लेड चालत नाहीये."

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागताना अट घातली आहे : "काका, या वर्षी थापा नकोत." अट मान्य. फक्त सुरुवातीला थोडी सूट घेतो. शेवटाकडे येईपर्यंत माझं पेट्रोल संपतं आणि मी आपोआप खरं बोलायला लागतो.

तर माझा धंदा जमिनीखाली बघण्याचा. यंत्र जमिनीत रेडिओच्या लहरी सोडतं. खाली काही वेगळं लागलं की त्या परत येतात आणि स्क्रीनवर उपड्या वाटीसारखी एक कमान उमटते. पाइप असला तरी कमान, झाडाचं मूळ असलं तरी कमान, दगड असला तरी कमान, उंदराचं बीळ असलं तरी तीच कमान. सिनेमात दाखवतात तसा स्क्रीनवर हाडांचा सापळा हात हलवताना दिसत नाही. कमानी बघून अंदाज बांधायचा, आणि रिपोर्टात प्रत्येक वाक्यात 'संभाव्य' हा शब्द घालायचा, ही आमची विद्या. आमची बायको सुधा म्हणते, "तुमच्या आयुष्यात 'संभाव्य' हा शब्द फक्त रिपोर्टातच येतो. घरी सगळं छातीठोक."

आधी मी ह्यूस्टनला तेलाच्या कंपनीत होतो, राहायला शुगर लँडला. तिथला उन्हाळा काय सांगू! एकदा साइटवर नारळ फोडला तर आतलं पाणी उकळत होतं. आम्ही त्यातच चहापत्ती टाकली. कंपनी सोडल्यावर मी हे यंत्र घेतलं आणि घरगुती कामं धरली. एका रँचवाल्याला त्याच्या आजोबांनी पुरलेलं सोनं शोधून हवं होतं. निघाला ट्रॅक्टर. अख्खा! आजोबांनी शेजाऱ्याकडून उसना आणला होता, तो परत मागेल म्हणून पुरून ठेवला होता. शेजाऱ्याचा नातू कुंपणापलीकडून बघत होता. पुढचं मी पाहिलं नाही, गाडी काढून निघालो.

दुसरे आपलेच एक डॉक्टर. त्यांना नाशिकच्या वास्तुवाल्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की घराखाली शल्य आहे, म्हणजे हाडं. मी दोन तास यंत्र फिरवलं. सापडला स्प्रिंकलरचा पाइप.

डॉक्टर हळूच म्हणाले, "काहीतरी आहे असं म्हणा ना राव. पूजेचा मुहूर्त काढलाय, केटरर बुक केलाय."

"काहीतरी आहे," मी म्हणालो. पाइप हे काहीतरीच असतं. मी पूजेला जाऊन दोनदा पुरणपोळी खाल्ली.

या धंद्यात मी शिकलो ते इतकंच : गिऱ्हाईकाला जमिनीखाली काय आहे ते जाणून घ्यायचं नसतं. त्याला जे हवंय ते जमिनीखाली असायला हवं असतं.

नारळाचा उल्लेख वर झालाच आहे. कुठलंही काम सुरू करायच्या आधी मी नारळ फोडतो. तेलाच्या कंपनीत पहिल्यांदा फोडला तेव्हा टेक्सासचे गडी हसले. त्या कामावर एकही यंत्र बिघडलं नाही. पुढच्या कामाला त्यांचा फोरमन स्वतः दुकानातून नारळ घेऊन आला, आणि मी सर्दीनं घरी होतो तर त्यांनी काम एक दिवस थांबवलं. इथं संपादकबाई भुवया उंचावतील. बरं, अर्धा दिवस.

मुलीला नोकरी लागली म्हणून आम्ही टेक्सास सोडून अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, बॉथेलला आलो. आता स्वस्थ बसावं असं ठरवत होतो, तेवढ्यात फोन आला.

फोनवर डेना नावाच्या बाई होत्या. इथून तासा-दीड तासावर राहणाऱ्या एका मूळनिवासी जमातीच्या ऑफिसात त्या काम करतात. म्हणाल्या, "आमच्याकडे एक जुनी बोर्डिंग स्कूल आहे. तिची दफनभूमी कुठपर्यंत पसरलीय ते बघायचंय. उकरायचं नाही. फक्त बघायचं."

बोर्डिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पाचगणी आली. ब्लेझर, घोडे, स्ट्रॉबेरी, आणि सुट्टीत घरी येऊन आईवर इंग्रजीत रागावणारे माझे मामेभाऊ. मी उत्साहानं म्हणालो, "हो हो, आमच्या घरातलीही मुलं बोर्डिंगला होती!"

मग डेना म्हणाल्या, "तुमच्या शाळेला दफनभूमी होती?"

त्या प्रश्नानंतर मी तोंड मिटून ऐकलं. ही गोष्ट दुर्मीळ असल्यामुळे सुधा स्वयंपाकघरातून बघायला आली. सरकारनं आणि चर्चनं चालवलेल्या या शाळा. पोरं घरून उचलून आणायची, कधी समजावून, कधी धमकावून. अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा बोललं की मार. आजारी पडली तर आजारीच. कित्येक घरी परत गेली नाहीत. जी परत गेली ती आता ऐंशीच्या आसपास आहेत, आणि सप्टेंबरअखेर एका दिवशी जमात ब्लँकेट पांघरून त्यांचा मान करते. त्या दिवसाच्या आत काम व्हायला हवं होतं, कारण एका बाईंना एक उत्तर हवं होतं.

त्या बाई म्हणजे व्हर्ना. सगळी जमात त्यांना आंटी म्हणते, ज्यांचे केस त्यांच्यापेक्षा पांढरे आहेत तेसुद्धा. मला हे एकदम घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही दिसेल ती बाई मावशी. व्हर्ना आंटी आणि त्यांची थोरली बहीण बर्नी, दोघी या शाळेत होत्या. बर्नीला ताप आला, तिला आजाऱ्यांच्या खोलीत नेलं, आणि व्हर्नाला पुन्हा ती दिसली नाही. गेली, एवढंच सांगितलं. कुठं ठेवली ते नाही. आंटींना या वर्षी त्यांच्या मानाची जी ब्लँकेट मिळणार होती ती बर्नीला पांघरायची होती. मला सांगायचं होतं, कुठं.

कामाच्या दिवशी सकाळी मी यंत्र गाडीतून उतरवलं. शाळेची इमारत पडून गेलेली, एक धुराडं उभं, बाकी मोठं मैदान आणि कडेला देवदाराची रांग. जमातीची पाच-सात माणसं आलेली. व्हर्ना आंटी घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, काठी हातात, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"डेना, लॉन कापायला कशाला बोलावलंस?"

"आंटी, हेच ते रडारवाले."

"असं! गुड मॉर्निंग, लॉनमोअर."

पुढे सगळा वेळ माझं नाव तेच राहिलं.

डेनानं जुन्या कुंपणाच्या आतला भाग दोऱ्यांनी आखून ठेवला होता. दफनभूमी तिथं होती अशी सगळ्यांची समजूत. मी यंत्र जोडलं आणि सवयीनं नारळ काढला. मनात दुसरा विचारही आला नाही. ज्यांची सगळी वर्षं सत्यनारायण, नवीन टोयोटा आणि गृहप्रवेश यांत गेली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नारळ फोडायचा म्हणजे दगड बघायचा. कुंपणाच्या बऱ्याच बाहेर गवतात एक छान गोल दगड अर्धा वर आलेला दिसला. गेलो, नमस्कार केला, आणि घातला जोरात.

खाड्कन आवाज झाला. देवदारावरचे कावळे उडाले. मागे वळून पाहतो तर डेनाचा हात तोंडावर. आणि व्हर्ना आंटी खुर्चीतून उठून, काठी टेकत, सरळ माझ्याकडे येत होत्या.

तेवढ्या वेळात मला समजलं की मी कुठं उभा आहे आणि काय केलंय. मुलं पुरलेल्या मैदानात दगडावर काहीतरी आपटणारा परका माणूस! मी पळून जायचाही विचार केला, पण यंत्र जड आहे.

"काय आपटलंस?" आंटी म्हणाल्या.

"नारळ. आमच्यात काम सुरू करताना..."

"कशावर आपटलंस?"

मी बाजूला झालो. आंटी वाकल्या. काठीनं दगडावरचं पाणी पुसल्यासारखं केलं, गवत सारलं. मग त्यावरून हात फिरवला.

"हा दगड इथला नाही," त्या म्हणाल्या. "ओढ्याचा आहे. गुळगुळीत बघ. आम्ही आणले होते हे. मी आणि शाळेच्या लाँड्रीत राबणाऱ्या पोरी. एप्रनमध्ये घालून." मग डेनाकडे वळून म्हणाल्या, "आम्हाला इकडे यायला बंदी होती. चोरून यायचो. कोण कुठं ते माहीत नव्हतं. जिथं माती खचलेली दिसायची तिथं एक दगड ठेवायचो. मला वाटलं होतं ते केव्हाच उचलून टाकले असतील."

डेना दोऱ्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपण चुकीची जागा आखली."

"साफ चुकीची," आंटी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "हे तुकडे कुणाचे?"

"देवाला दाखवतात, मग सगळ्यांना वाटतात. प्रसाद."

"म्हणजे खायचं?"

"हो."

"मग उभा काय राहिलास? पोरींना आधी दे. इथं त्यांना कधी गोड मिळालं नाही."

मी एक तुकडा दगडापाशी ठेवला. बाकीचा सगळ्यांना वाटला. आंटींनी आपला तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "साबणासारखा लागतो." तरी दुसरा मागितला.

मग दोऱ्या उचलून आम्ही त्या बाजूला आखल्या. गवताखाली हातानं चाचपत गेलो तसे आणखी दगड मिळाले. मी यंत्र फिरवलं. अर्धा-अर्धा मीटर अंतरावर एकेक रांग, सरळ, सावकाश, परत फिरून पुढची. या कामात चालणंच जास्त. पंढरपूरला पोचलो असतो आणि परतही आलो असतो एवढं चाललो. इथली माती टेक्सासइतकी चिवट नाही, पाऊसही अजून लागला नव्हता, त्यामुळे लहरी खोलवर जात होत्या. स्क्रीनवर मला कमानी नव्हे, दुसरंच काही दिसत होतं. जमिनीचे थर सरळ चाललेले, आणि मधेच तुटलेले. कधीतरी उकरून परत भरलेली जागा अशी दिसते. लाकूड कुजतं, लहान हाडं मातीत मिळून जातात, पण एकदा उकरलेली माती पूर्वीसारखी बसत नाही. या जागा आखूड होत्या. किती होत्या ते मी लिहिणार नाही. तो आकडा त्यांचा आहे, आणि मी आकड्यांचं काय करतो हे संपादकबाईंना ठाऊक आहे.

एवढं मात्र सांगतो. माझ्या कंपनीच्या माहितीपत्रकात रडारचा उल्लेख आहे, नारळाचा नाही, हा सरळसरळ अन्याय आहे.

दोन आठवड्यांनी जमातीच्या हॉलमध्ये मी नकाशा भिंतीवर दाखवला. जाताना गाडीत मी डेनाला विचारलं होतं, "हे जे रिकन्सिलिएशन म्हणतात, ते म्हणजे आपला समेट ना?"

ती म्हणाली, "समेट भांडणाऱ्या दोघांत होतो. आम्ही भांडलो नव्हतो. आम्ही शाळेत होतो."

गाडीत शांतता पसरू नये म्हणून मी म्हणालो, "आमचं बॉथेलचं घर आहे, तीही जमीन तुमच्याच लोकांची असणार."

"असणार काय, होतीच."

"मग आमच्या वसाहतीच्या सोसायटीकडे, त्या एचओएकडे, तक्रार तुम्हीच करा. ते माझ्या कचऱ्याच्या डब्यावरून रोज ईमेल पाठवतात."

डेना हसली. मला बरं वाटलं. पण हॉलमध्ये गेल्यावर माझी सगळी हुशारी वितळली. मी 'संभाव्य, संभाव्य' करत नकाशा समजावला. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी व्हर्ना आंटींनी गॉगल काढला.

"यातली माझी बहीण कुठली?"

नकाशावर एक जागा इतरांपेक्षा जराशी लांब होती. बर्नी तेव्हा बारा-तेराची असेल. आणि ती जागा ओढ्याच्या एका दगडाला लागूनच होती. तिथं बोट ठेवून 'ही' म्हणायला किती वेळ लागणार होता? डॉक्टरांना म्हणालो होतोच की. तिथं तर पाइप होता. इथं कुणीतरी खरोखरच होतं. म्हातारी खूश झाली असती, सगळे रडले असते, मला जेवायला घातलं असतं. आयुष्यभर ज्या माणसानं उत्तर नाही असं कधी होऊ दिलं नाही तो मी. पण मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ही जागा दुसऱ्याच मुलीची असली तर? तिचीही बहीण कुठंतरी खुर्चीत बसली असेल.

"आंटी, माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजही नाही. इथं कुणीतरी असावं एवढं यंत्र सांगतं. कोण, ते सांगू शकत नाही."

"एवढं मोठं यंत्र आणि माहीत नाही?"

"नाही."

आंटींनी गॉगल परत लावला, काठी घेतली आणि बाहेर गेल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रडलं नाही. जेवण होतं, पण मी न जेवताच निघालो. परतीच्या रस्त्यावर मी स्वतःशीच भांडत होतो. घरी सुधाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बोललात ते बरोबर बोललात. पण चेहरा असा करू नका, जेवण वाढलंय."

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी डेनाचा फोन. "मानाच्या दिवशी आंटींनी तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय."

"मला? कोर्टात?"

"कोर्टात नाही. आमच्याकडे मोठं काही घडतं तेव्हा माणसं नेमतात. त्यांनी बघायचं, लक्षात ठेवायचं, आणि पुढे कुणी विचारलं तर जसंच्या तसं सांगायचं. आमचा दप्तरखाना तोच."

"डेना, माझी कीर्ती तुमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही."

"पोचली. आंटी म्हणाल्या, हा माणूस बोलतो त्यातलं निम्मं पाणी काढून टाकावं लागतं. पण 'माहीत नाही' म्हणाला ते सुकं होतं."

त्या दिवशी सगळ्यांनी नारिंगी घालायचं असतं. अशाच एका शाळेनं एका मुलीचा नवा नारिंगी शर्ट काढून घेतला होता, त्याची आठवण म्हणून. माझ्याकडे त्या रंगाचा एकच कपडा, मंडळाच्या गणपती मिरवणुकीचा भगवा झब्बा. तो घातला. फेटाही घेतला होता, सुधानं गाडीतच ठेवायला लावला.

मैदानावर तंबू उभारला होता. ढोल, गाणी, आणि सामन माशाचा वास असा की देवदारांनाही भूक लागावी. साक्षीदारांना पुढं बोलावून प्रत्येकाच्या हातात पाव डॉलरची नाणी ठेवली. मानधन नव्हे, बांधून घेतलं याची खूण. मग शाळेतून जिवंत परतलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून उभं केलं आणि त्यांच्या खांद्यांवर ब्लँकेट पांघरली. आपल्याकडेही शाल असते. फक्त आपली शाल पाहुण्याच्या अंगावर फोटो होईपर्यंतच टिकते. इथं कुणी पटकन काढली नाही. ऊन होतं तरी सगळे पांघरून बसले. एका म्हाताऱ्यानं ती डोक्यावरून घेतली आणि आत तोंड लपवलं. ढोल वाजत राहिला.

व्हर्ना आंटींनी मात्र आपली काढली. घडी करून काखेत धरली आणि मैदानाकडे चालू लागल्या. आम्ही साक्षीदार मागे, बाकीचे आमच्या मागे. आखलेल्या जागांवर छोटी निशाणं लावलेली होती. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता. मला तर घाम फुटला होता, कारण मी नकाशावर ज्या लांब जागेकडे बघत राहिलो होतो ती मैदानाच्या पार टोकाला होती, आणि आंटींनी माझी नजर तेव्हा पकडली असेल तर?

आंटी पहिल्याच निशाणापाशी थांबल्या. ब्लँकेट उलगडली आणि डेनाच्या मदतीनं अंथरली. कडा हातानं नीट केल्या.

डेना हळूच म्हणाली, "आंटी, हीच का?"

"ही जवळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझे गुडघे गेलेत. बर्नीचे पाय चांगले होते. तिनं यावं चालत."

डेनानं विचारलं, "आणि ही जागा दुसऱ्या कुणाची असली तर?"

"तर ती घेईल थोडा वेळ. मग बर्नी येऊन ओढेल. घरी रोज रात्री माझ्या अंगावरचं ओढायची, मेली."

आधी एक म्हातारा हसला. मग सगळे. रडणारेसुद्धा. आंटी हसल्या नाहीत. त्या ब्लँकेटकडे बघत काहीतरी बोलल्या, त्यांच्या भाषेत, ज्या भाषेसाठी इथंच मार खाल्ला होता. लांबलचक बोलल्या. भांडल्यासारख्याच. कुणी अर्थ सांगितला नाही, मी विचारला नाही.

मग काठी टेकत माझ्यापाशी आल्या.

"काय लॉनमोअर, पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"विचारलं कुणी तर काय सांगशील?"

"व्हर्ना आंटींनी बर्नीला पांघरलं."

"कुठं?"

"मैदानात. नेमकं कुठं ते माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली. "ठीक. आणि ते गुडघ्यांचं सांगू नकोस."

"आंटी, जसंच्या तसं सांगायचं ठरलंय. नाणी घेतलीत मी."

त्यांनी काठी माझ्या बुटावर टेकवली. मग म्हणाल्या, "मग दोन्ही गुडघे म्हण. अर्धवट सांगू नकोस."

तर, दोन्ही.